एका जागेला शंभर अर्ज

पहाटे पाचच्या सुमारास जळकोटहून उदगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर अंधारात आधी बुटांचा आवाज येतो आणि मग पोरे दिसतात. पंधरा-वीस जण असतात. एकाच्या हातात मोबाईल, तो वेळ मोजतो. सोळाशे मीटरचे अंतर त्यांनी मैलाच्या दगडावरून आणि एका लिंबाच्या झाडावरून ठरवून घेतले आहे. अलीकडे चार-पाच मुलीही येतात; त्यांचे आठशे मीटर. तास-दीड तास धावणे, मग गोळाफेक, आणि सात वाजता सगळे पांगतात. कुणी सोयाबीनच्या फवारणीला, कुणी अभ्यासिकेत, कुणी पुन्हा अंथरुणात. ही पोलीस भरतीची तयारी. भरती केव्हा निघेल हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसते.

याच तालुक्यातल्या एका गावी, विहाराच्या ओसरीवर आम्हाला एक मावशी भेटल्या. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. शेतमजुरी करतात. मालक हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. थोरला मुलगा उदगीरला बी.ए. झाला, मग दोन वर्षे लातूरला आणि दोन वर्षे पुण्याला. आधी पोलीस, मग तलाठी, आता दोन्ही. वय सत्तावीस. धाकटी मुलगी बारावी होऊन घरी बसली आहे. मावशींनी आम्हाला सरळच विचारले, "भाऊ, तुम्ही लिहिता-वाचता. पोराला आनखी एक साल द्यावं का नाही, ते सांगा."

या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला त्या दिवशी जमले नाही. "मुलगा हुशार आहे, धीर सोडू नका," असे काहीतरी बोललो आणि चहा पिऊन निघालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण तो एकट्या मावशींचा नाही. आमचे हे पान ज्या घरांत वाचले जाते, त्यांतल्या किती घरांत तो आज चुलीपाशी बसलेला आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून त्याचे उत्तर जरा नीट शोधायचे ठरवले. बेकारीवर आणि नोकरीच्या स्पर्धेवर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच संशोधन केले आहे; ते इंग्रजीत असते आणि आपल्या घरापर्यंत येत नाही एवढेच.

आधी आकडे पाहू. महाराष्ट्रात २०२४ साली जी पोलीस भरती झाली तिच्यात १७,४७१ जागा होत्या. अर्ज आले पावणेअठरा लाखांच्या आसपास. म्हणजे एका जागेला शंभर अर्ज. अनुसूचित जातींच्या तेरा टक्क्यांच्या हिशेबाने आपल्या वाट्याला सव्वादोन हजार जागा येतात. जिल्हावार बिंदुनामावलीप्रमाणे त्यात थोडेफार कमी-जास्त. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ ची तलाठी भरती: जागा साडेचार हजारांच्या घरात, अर्ज दहा लाखांवर. तिथे एका जागेला दोनशेहून अधिक. त्या अर्जाची फी खुल्या वर्गाला हजार रुपये आणि मागासवर्गीयांना नऊशे होती. दहा लाखांना नऊशेने गुणून पाहा; नव्वद कोटी होतात. हे पैसे बेकारांच्या खिशातून गेले. शेतमजुरीच्या तीन-चार दिवसांचा रोज एका अर्जाला, आणि पोरगं वर्षाला असे चार-पाच अर्ज करतं.

शिपायाच्या जागेला शिक्षणाची अट बारावी पास. पण रांगेत बी.ए., एम.ए., इंजिनीअर सगळेच. असे का होते, हे अमेरिकेतले लेस्टर थुरो नावाचे अर्थशास्त्रज्ञ १९७५ सालीच सांगून गेले. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षणाने नोकऱ्या वाढत नाहीत, रांगेतली जागा बदलते. नोकऱ्या ठरलेल्याच असतात. मालक रांगेतला सर्वांत जास्त शिकलेला उचलतो. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने पदवी घेतली की आपल्यालाही घ्यावी लागते. पुढे जायला नव्हे, मागे पडू नये म्हणून.

लातूरकरांना हे समजावून सांगायला पुस्तक लागणार नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते वर्ष आठवा. टँकर यायचा सकाळी आठला. पहिल्या दिवशी लोकांनी सातला घागरी लावल्या. दुसऱ्या दिवशी सहाला, आठवड्याने पहाटे तीनला. सगळ्यांची झोप गेली. टँकरमधले पाणी मात्र तेवढेच राहिले.

आता कुणी म्हणेल की, मग या पोरांनी सरकारी नोकरीचा नाद सोडून खाजगीत का जाऊ नये? हा उपदेश आम्ही शहरातल्या सुखवस्तू माणसांकडून पुष्कळदा ऐकला आहे. उपदेश करणाऱ्याचे आडनाव बहुधा कुठेही चालणारे असते. इथे आम्हाला आपल्याच एका माणसाच्या कामाकडे वळावे लागते.

डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी न्यूयॉर्कचे प्राध्यापक पॉल अटवेल यांच्याबरोबर एक प्रयोग केला. मोठ्या इंग्रजी दैनिकांत खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येतात. ऑक्टोबर २००५ पासून सहासष्ट आठवडे त्यांनी या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. अर्ज बनावट, पण शिक्षण आणि अनुभव तोलामोलाचा. फरक फक्त नावात: एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, एक दलित वाटावे असे, एक मुसलमान. मुलाखत नाही, चेहरा नाही, बोलण्याचा हेल नाही. कागदावरचे नाव तेवढे.

निकाल २००७ साली छापून आला. उच्चवर्णीय नावाला बोलावणे येण्याची शक्यता तीन धरली, तर तेवढ्याच लायकीच्या दलित नावाला ती दोन निघाली. मुसलमान नावाला एक. बोलावणे म्हणजे नोकरी नव्हे. नुसता दरवाजा उघडणे. तो उघडायच्या आधीच तिसरा हिस्सा गळाला.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा आणखी एक अभ्यास आला. त्यांनी मोठ्या कंपन्यांतल्या नोकरभरती करणाऱ्या पंचवीस अधिकाऱ्यांशी बातचीत केली. सगळे म्हणाले, आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. मग मुलाखतीत काय विचारता? तर घरची पार्श्वभूमी. वडील काय करतात, भावंडे किती शिकली, कुठून आलात. चांगल्या घरातला माणूस चांगले काम करतो, ही त्यांची खात्री. ज्याचा बाप सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतो त्या मुलाने या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? आमच्या मते एकच: जे आहे ते, मान वर करून. पण त्या उत्तराला गुण किती पडतात, हे मुलाच्या हातात नाही.

तेव्हा आपली पोरे सरकारी रांगेत उभी राहतात यात त्यांचा वेडेपणा नाही. तिथे जाहिरात छापून येते, गुण भिंतीवर लागतात आणि जागा राखीव असते. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने पुण्यात राज्यसेवेची तयारी करणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. ही मुले नोकरीसाठी किती वर्षे आणि किती कमाई सोडायला तयार आहेत, त्यावरून त्याने त्या नोकरीची त्यांच्या लेखी किंमत काढली. ती निघाली महिन्याला किमान सव्वाचार लाख रुपये. प्रत्यक्ष पगार ऐंशी हजारांच्या आसपास. म्हणजे किमतीतले ऐंशी टक्क्यांहून जास्त पगारात नाहीच. ते मानात, कायमपणात, लग्न जमण्यात आहे. आणि आम्ही आमच्याकडून भर घालू: ज्या कचेरीच्या पायरीवर आजोबा जोडे काढून उभे राहिले, त्या कचेरीतल्या खुर्चीत आहे. याचे मोल रुपयांत मांडणे अवघडच.

पण हाच संशोधक दुसऱ्या एका अभ्यासात जे सांगतो ते मावशींना, आणि त्यांच्या मुलालाही, सांगितले पाहिजे. तामिळनाडू सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक पदांची भरती बंद ठेवली होती. जागा नाहीत म्हटल्यावर पोरे दुसऱ्या कामाला लागतील, असे कुणालाही वाटेल. झाले उलटे. पदवीधर तरुण जास्त वर्षे बेकार राहून तयारी करत बसले. भरती उघडेल तेव्हा मागे पडू नये म्हणून प्रत्येकाने घागर आणखी लवकर लावली. आणि पुढे? भरतीबंदी उठून दहा वर्षे झाल्यावर पाहिले, तर ज्या वयोगटाला तिचा सर्वांत जास्त फटका बसला त्यांची कमाई इतरांपेक्षा कमी होती. परीक्षेसाठी केलेला अभ्यास परीक्षेबाहेर फारसा उपयोगी पडला नव्हता. खोल्यांत बसून गेलेली वर्षे परत आली नाहीत.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात एक आकडा आहे, तो यालाच लागून आहे. देशात पंचवीस वर्षांखालच्या पदवीधरांत बेकारी बेचाळीस टक्क्यांवर. पस्तिशीपुढच्या पदवीधरांत पाच टक्क्यांहून कमी. म्हणजे शेवटी बहुतेक जण कशाला ना कशाला लागतात. कशाला लागतात, आणि किती वर्षे घालवून लागतात, हा खरा प्रश्न आहे.

इथे थोडे मागे जाऊन पाहणे आम्हाला जरुरीचे वाटते. बेकारी मोजताना जो नुसता बसला आहे त्यालाच आपण बेकार म्हणतो. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी दाखवले की दुखणे तुकड्यात नाही; थोड्या जमिनीवर फार माणसे बसली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी शेतात दिसत असली तरी खरे म्हणजे रिकामीच आहेत. त्यांना काम देणारे उद्योग उभे राहिले पाहिजेत. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते, मावशींच्या मुलाएवढेच. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते मजूर खात्याचे मंत्री असताना, १९४५ साली त्याच खात्याच्या अखत्यारीत एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजेस सुरू झाली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देणे हा त्यांचा पहिला हेतू होता.

आमच्या पिढीने त्या कार्यालयांचे कार्ड खिशात बाळगले आहे. आमच्या घरात एका भावाचे कार्ड होते. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे, त्या दिवशी डबा बांधून सकाळच्या एस.टी.ने जायचे. कॉल कधी आला नाही. कार्ड मात्र आईने ट्रंकेत, जमिनीच्या कागदासारखे जपून ठेवले होते.

जळकोट १९९९ साली तालुका झाले. तहसील आली, कचेऱ्या आल्या. कारखानदारी आली नाही. डोंगराळ माळ, पाऊस आला तर सोयाबीन आणि तूर, नाही आला तर मुकादमाची उचल आणि ऊसतोड, नाहीतर हैदराबादची वाट. लातूरला रेल्वेडब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन २०१८ साली झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. तिथे आपल्या किती मुलांना काम लागले, हे तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. आम्ही छापायला तयार आहोत.

आणि टँकरमधले पाणी? बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या कायद्याने. दुसऱ्याच वर्षी, १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. देशातल्या सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकऱ्या १९९७ साली एक कोटी पंच्याण्णव लाखांच्या वर होत्या. २०१२ पर्यंत त्या एक कोटी शहात्तर लाखांवर उतरल्या. आपल्याला पंगतीत बसायला जागा मिळाली आणि वाढपी पातेले उचलून निघाला. २०२२ साली आपल्या राज्यात दोन लाखांहून जास्त मंजूर पदे रिकामी होती. ती भरण्याऐवजी सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर उतरले, आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. रिकाम्या पदाला आरक्षण नसते, आणि एजन्सीच्या यादीला बिंदुनामावली नसते. तेव्हा अनुशेष भरा ही मागणी जुनी झाली म्हणून सोडून देता येणार नाही.

हे झाले सरकारचे. पण मावशींचा प्रश्न घरातला होता, आणि त्याचे उत्तर सरकारची वाट पाहू शकत नाही. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुलगाही पुण्याहून आला होता. आम्ही त्याला तीन गोष्टी विचारल्या. गेल्या दोन्ही परीक्षांत गुण किती, आणि आपल्या प्रवर्गाचा कट ऑफ किती होता? पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला गुण वाढले का? आणि या चार वर्षांत परीक्षेबाहेर उपयोगी पडेल असे काय हाताला लागले?

त्याने वही काढली. पोलीस भरतीत तो पहिल्या खेपेला पुष्कळ मागे होता, दुसऱ्या खेपेला सहा गुणांनी. तलाठीत दोन्ही वेळा बराच मागे, आणि वाढ काहीच नाही. तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प बसला. मग म्हणाला, "ड्रायव्हिंगचं लायसन काढायचं होतं, राहून गेलं."

त्याच्यावर आमचा राग नाही. पण एक गोष्ट आम्ही त्याच्या देखत बोललो, ती इथेही लिहितो. त्याचे पुण्यातले कॉट, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला आठ हजार जातात. ते कुठून येतात? बापाच्या रोजातून, आईच्या खुरपण्यातून, आणि धाकट्या बहिणीच्या थांबलेल्या शिक्षणातून. तिला नर्सिंगला जायचे होते. "तिचं पाहू पुढं," असे दोन वर्षांपूर्वी ठरले. घरात एकाच्या रांगेचे तिकीट दुसऱ्याच्या शिक्षणातून काढले जाते, आणि ते दुसरे बहुतेक वेळा मुलगीच असते. संशोधकांच्या कुठल्याही तक्त्यात हा खर्च आम्हाला दिसला नाही.

मुलगा खाली पाहत होता. मावशी म्हणाल्या, "ती काही बोलली नाही कधी." मुलगी आत भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "विचारलं कुणी?"

त्या संध्याकाळी जे ठरले ते त्यांच्याच तोंडून ठरले. तलाठीचा नाद सोडायचा. पोलीस भरतीची पुढची एक जाहिरात द्यायची, कारण तिथे वाढ दिसते आणि मागासवर्गीयांना तेहतीसपर्यंत वय आहे. पण पुण्याची खोली सोडायची. धावायला जळकोटचा रस्ता आहे, आणि बार्टीकडून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण मोफत चालते, त्याची चौकशी करायची. दरम्यान लायसन काढून उदगीरला कुणाच्या गाडीवर बसायचे. तारीखही लिहून ठेवली. ती आम्ही सांगणार नाही. ती त्यांच्या घरची आहे.

आणि मुलीचा अर्ज भरायचा. तिच्यासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, जी १९४४ सालापासून चालू आहे. आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिला उत्पन्नाची आणि टक्केवारीची अट आहे, ती समाजकल्याणच्या कचेरीत विचारून घ्यावी. पुष्कळ घरांना ही योजना माहीत नसते. मावशींनाही नव्हती.

परवा मावशींचा फोन आला. मुलगा ड्रायव्हिंगच्या क्लासला जातो आणि पहाटे धावतोही. जात पडताळणीसाठी मुलीला १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, तेवढे अडले आहे. पणजोबा निजामाच्या राज्यात दोन वर्षे शाळेत गेले होते, एवढे घरात ऐकून माहीत. शाळेचे ते जुने रजिस्टर उर्दूत आहे. मुलगी ते वाचून देणारे गृहस्थ शोधायला मंगळवारी उदगीरला गेली होती. भावाने तिच्याबरोबर जायचे म्हटले, तर ती म्हणाली, "तू पळ. मी एकटी जाते."